टाच आईची

(मोजा चार सुयांवर बसतो. पाचवी रिकामी असते. तीच फिरते.)

पहिली सुई

गोदानं पिशवीतून मोजा काढला आणि चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला.

"हा बघ, दादा. तुझ्या मेहुण्यांचा. मी मालेगावहून पाठवला तेव्हा नळी झाली होती, फक्त टाच घालायची होती. परत आला तो असा."

सोमनाथनं तो उचलला. राखाडी लोकर. वर एक सुलट एक उलट असा काठ, काठाखाली नळी, नळीखाली आणखी नळी, शेवटी मिटलेलं तोंड. हत्तीची सोंड धरल्यासारखं वाटत होतं.

"मग? याला काय झालं?"

"टाच कुठंय?"

त्यानं मोजा उलटा केला, सुलटा केला. टाच नव्हती.

या घरात टाच आईनं घालायची. असा नियम कधी कुणी केला नव्हता. वडील, रंगनाथ, देवळाली कॅम्पात सुतारकामाला असताना शेजारच्या पहाडी सुभेदारीणबाईनं कुसाबाईला पाच सुयांवर मोजे शिकवले. मग कळवणच्या शेतात वाढलेल्या त्या बाईनं सगळ्या घराचे पाय लोकरीत घातले. काठ कुणीही विणावा, नळी कुणीही विणावी. गोदा विणायची, पुढे सुना विणायला लागल्या. पण नळी झाली की मोजा सुयांसकट कुसाबाईच्या मांडीवर यायचा आणि टाच घालूनच परत जायचा. गोदाचं लग्न झालं तरी ते सुटलं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती मालेगावहून नळ्या यायच्या, देवळालीहून टाचा जायच्या. सोमनाथच्या मोज्यांवर वेणी, प्रफुल्लच्या मोज्यांवर दाण्याची वीण, वडिलांचे साधे. टाच सगळ्यांची एकच.

सोमनाथ आज आईला न्यायला आला होता. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. मागच्या आठवड्यात ती एकटी शहरात द्वारका चौकाला गेली, बसमधून उतरली आणि तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिली. शेवटी एका रिक्षावाल्यानं तिला घरी आणून सोडलं. सोमनाथला ते कळलं तेही त्या रिक्षावाल्याच्या फोनवरून. वैष्णवीनं कळवलं नव्हतं.

वैष्णवी, त्याच्या धाकट्या भावाची, प्रफुल्लची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो वारल्यापासून या दोन खोल्यांत ती आणि आई, दोघीच. आई बाहेर ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसली होती. पौषातली थंडी होती, तिच्या डोक्यावरून शाल होती आणि आतलं बोलणं तिला ऐकू जात होतं की नाही ते कळत नव्हतं.

"मी म्हणत होतो तेच," सोमनाथ म्हणाला. "बस विसरते, आता टाच विसरली. आणखी काय पाहिजे?" तो पुढंही बोलणार होता, पण तेवढ्यात दारातून शांत आवाज आला,

दुसरी सुई

"तो नवा नमुना आहे, ताई."

गोदानं मान वळवली नाही. "नमुना?"

"पिळाचा. चार सुलट, चार उलट, आणि थोड्या फेऱ्या झाल्या की सगळं एका टाक्यानं सरकवायचं. टाच लागत नाही. कुठल्याही पायात बसतो."

"आईला हा कुणी शिकवला?"

"मी. फोनवर बघितला होता."

"तू आईला शिकवलास."

गोदाला राग आला आणि तो कशाचा आहे हे तिला लगेच कळलंही. लग्नाआधी, लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा, किती वेळा तिनं म्हटलं होतं, आई, मला टाच शिकव. दर वेळी उत्तर एकच. तुला कशाला? तू पाठवत जा. आणि गोदा पाठवत राहिली. खरं तर तिला ते आवडत होतं. सासरच्या माणसांचे पाय आईच्या हातून जात होते. आता ही कालची मुलगी आईला शिकवते म्हणते.

तिनं मोजा ओढून घेतला आणि उजेडात धरला.

"इकडे ये, वैष्णवी. हा काठ माझा. ही नळी माझी. माझा हात घट्ट आहे, बघ, टाके बारीक दिसतात. माझं इथं संपलं. बरोबर?"

"हो."

"तुझा पीळ सुरू होतो तो इथं, खाली. मग मधली ही वीत कुणाची?"

वैष्णवीनं त्या वितीवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"साधी वीण. सरळ. ना पीळ, ना टाच. ही आईची आहे. टाच घालायची जागा आली, आणि ती तशीच पुढं गेली. वीतभर गेली. मग तू बघितलंस आणि खाली पीळ घालून दिलास. लपवायला. होय ना?"

"होय," वैष्णवी म्हणाली.

सोमनाथनं कप खाली ठेवला. "संपलं मग. सामान भरू. घर बंद करू."

"घर बंद?" गोदा त्याच्याकडे वळली. "फोनवर तू थंडीपुरतं म्हणाला होतास."

"थंडीपुरतंच. पण नंतर कोण राहणार इथं?"

"ही राहते ना."

"तिचं काय, तिचं माहेर आहे कळवणला."

"माहेरी भाऊ आहे, दादा," वैष्णवी म्हणाली. "माहेर नाही."

गोदाला वाटलं, मी कुणाच्या बाजूनं आले होते? सकाळी मालेगावहून निघाले तेव्हा दादाच्या. चांदवडपर्यंत त्याच्याच. आणि आत्ता?

तिनं पिशवीत हात घालून जोडीतला दुसरा मोजा काढला. नळी पूर्ण, चार सुयांवर उभी, पाचवी सुई लोकरीच्या गुंड्यात खोचलेली.

"हा मी घेऊन आले होते. आईला देते. माझ्यासमोर टाच घालू दे. आली तर ती इथंच राहील आणि तू परत कुणाला न्यायची भाषा करायची नाही."

"मोज्यावर ठरवायचं?"

"मग कशावर ठरवतोस? तिला तारीख विचारणार? तुला सांगता येईल का आजची तिथी?"

सोमनाथनं हात झटकला. "आणि नाही आली तर?"

"नाही आली तर मी स्वतः तिची पेटी उचलीन," असं म्हणून गोदा ओट्यावर गेली आणि आईच्या मांडीवर मोजा ठेवताना तिला एकदम वाटलं की आपण

तिसरी सुई

फार मोठी चूक करतो आहोत. वैष्णवीलाही तेच वाटलं. ती दारातच थांबली होती.

"काय हाय हे?" कुसाबाईनं विचारलं.

"टाच घालायचीये, आई."

"मग ठेव की. संध्याकाळी घालते."

"आत्ताच घाल. मला परत जायचंय."

कुसाबाईनं गोदाकडे पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या सोमनाथकडे. "दोघं बी मास्तरावानी उभे राह्यले. परीक्षा हाय का माझी?"

तिनं शाल मागं सारली आणि गुंड्यातली सुई उपसली.

वैष्णवीला मागची थंडी आठवली. अंगणवाडीच्या कामावरून ती दुपारी घरी आली तेव्हा आई विणत होती आणि तिच्या मांडीवरून नळी पायांपर्यंत उतरली होती. कुणाचा पाय एवढा असतो? वैष्णवीनं विचारलं, टाच कधी घालणार? आई सहज म्हणाली, घातली की. वैष्णवीनं पुढं काही विचारलं नाही. आई झोपल्यावर जास्तीचं उसवून टाकलं. मग तसंच पुन्हा झालं, पुन्हा. मग तिनं फोनवर शोधलं, बिनटाचेचे मोजे. पीळ सापडला, आणि तिला इतकं हायसं वाटलं की ती एकटीच रडली. आई कधीच चुकणार नाही असा मोजा. तो तिनं आईसाठी शोधला, आणि स्वतःसाठीही. या घराला कुलूप लागलं तर तिनं जायचं कुठं? दोन्हींतलं आधी कुठलं, हे ती स्वतःला विचारत नसे.

ओट्यावर सुया वाजत होत्या.

अर्धे टाके आईनं बाजूला ठेवले होते. उरलेल्या अर्ध्यांवर ती मागे-पुढे जात होती, दर ओळीला कडेचा एक टाका विणायचा सोडत. ओळ आखूड होत गेली. मग आखूड व्हायची थांबली. मग सोडलेला एकेक टाका ती परत उचलत आली आणि सपाट वीण सावकाश वाकली, खोलगट झाली, ओंजळ करावी तशी. तिचं लक्ष हातांकडे नव्हतंच. ती समोरच्या सहादू पाटलाच्या गोठ्याकडे बघत गोदाला विचारत होती, तुझ्या सासूचे गुडघे कसे हायेत, अजून तशीच कुरकुरते का.

ऊन ओट्यावरून सरकलं. सुया परत गोल फिरायला लागल्या. नळीखाली टाच होती.

गोदा आईजवळ खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "आई गं."

"अगं, सुई लागंल. उठ."

सोमनाथ वैष्णवीजवळ येऊन हळू म्हणाला, "मी घाबरलो होतो. द्वारकेचं कळल्यापासून झोप नाही मला. चुकलं असेल माझं." आणि मग, "तुझ्या माहेराचं बोललो, तेही."

"चहा ठेवते," वैष्णवी म्हणाली.

सोमनाथ बायकोला फोन करायला फाटकाशी गेला, गोदा तोंड धुवायला मोरीत. वैष्णवी चहा घेऊन ओट्यावर आली तेव्हा आई एकटीच होती आणि विणत होती. टाचेखाली पावलाच्या थोड्या फेऱ्या झाल्या होत्या.

सुया गोल फिरत नव्हत्या.

वैष्णवीनं कप खाली ठेवला. अर्धे टाके बाजूला होते. उरलेल्यांवर आई मागे-पुढे जात होती, दर ओळीला एक टाका सोडत. चेहरा शांत. हात अचूक. एका टाचेखाली दुसरी टाच.

म्हणजे हात विसरले नव्हते. हात काहीच विसरले नव्हते. फक्त झालंय की व्हायचंय, हे आईला कळत नव्हतं.

फाटकापाशी सोमनाथ फोनवर हसत होता. मोरीत पाणी वाजत होतं. वैष्णवीनं सुईला नुसता धक्का दिला असता, टाके निसटले असते, स्वतःच "अगं बाई" म्हणाली असती आणि पहिल्या टाचेपर्यंत उसवून टाकलं असतं. कुणाला कळलं नसतं. घर राहिलं असतं. वर्षभर तिनं हेच तर केलं होतं.

तिनं हात पुढं केला. आणि तो तसाच ठेवून तोंड उघडलं,

चौथी सुई

"टाच झालीये, आई."

कुसाबाईला ते लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. तिला बरं वाटत होतं. ओळ आखूड होत चालली होती, ओळ आखूड होताना तिला नेहमीच बरं वाटायचं. सगळं पसरलेलं आपल्याकडे येतंय असं.

"काय झाली?"

"टाच. याआधीच झालीये. ही दुसरी चाललीये."

"दुसरी कशी? पहिली कुणी घातली?"

"तुम्हीच. आत्ता, इथंच बसून."

कुसाबाईनं सुया थांबवल्या. मोजा चाचपत अंगठा वर नेला. खळगा लागला. तिच्याच हातचा. जो इतक्या जणांच्या पायाखाली गेला तो खळगा तिला कळणार नाही का? पण घातल्याचं काही आठवत नव्हतं. आपण घरात यावं आणि चूल विझलेली असावी, ताटं धुऊन पालथी घातलेली असावीत, आणि पोटाला कळू नये की आपण जेवलो की नाही, तसं.

द्वारकेलाही असंच झालं होतं. रस्ता आठवत होता. बसचा नंबर आठवत होता. पण आपण जायला निघालोय की जाऊन आलोय, तेवढंच नव्हतं. म्हणून ती बसून राहिली. कुणीतरी सांगेल म्हणून.

"असं किती दिस चाललंय?"

"मागच्या थंडीपासून."

"आन मला सांगितलं नाय."

वैष्णवीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"का गं?"

"तुम्ही गेलात तर मी कुठं जाऊ, म्हणून." आणि जरा थांबून, "आणि तुम्हाला लागलं असतं, म्हणून."

"यातलं आधी कोणतं?"

सुनेचा चेहरा कुसाबाई नीट बघत होती. प्रफुल्लच्या मागं या पोरीनं तिच्यासाठी भाकऱ्या थापल्या, केस विंचरले, आणि वर्षभर रोज खोटं बोलली. आत्ता तिला पाहिजे तर ती गोड बोलू शकत होती.

"पहिलंच, आई," वैष्णवी म्हणाली. "पहिलंच आधी."

कुसाबाईनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "सोमा! गोदे! इकडं या दोघं," आणि तिच्या आवाजातला बदल ऐकून

रिकामी सुई

दोघंही धावत आले.

कुसाबाईनं मोजा वर धरला. "एक टाच ही. आन ही अर्धी दुसरी. हिनं सांगितलं. मला कळलं नव्हतं."

गोदानं तोंडावर पदर घेतला. सोमनाथ वैष्णवीकडे बघत राहिला. ती बोलली नसती तर आत्तापर्यंत तो आईला इथंच ठेवून निघाला असता, हे त्याला समजलं होतं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"कळत होतं ना, त्याचं काय होईल?"

"हो, दादा."

सोमनाथ आईसमोर उकिडवा बसला. "आई, आता तरी चल. मी हात जोडतो."

"तुझ्या घरी दिवसा कोण असतं?"

"कुणी नाही. पण दार बंद असतं, खाली वॉचमन आहे..."

"वॉचमन मला टाच झाली म्हणून सांगंल?"

"टाचेचं काय घेऊन बसलीस!"

"टाचेचंच हाय सगळं. भाकर खाल्ली का, गोळी घेतली का, तुझे वडील गेले का बाजारात गेलेत. हे कुणीतरी सांगाया पाहिजे. तू लाजशील सांगाया. गोदा रडंल. बघ, रडतीयेच. हिनं सांगितलं. सपष्ट सांगितलं, आन नुकसान स्वतःचं केलं."

"वर्षभर लपवलं तिनं!"

"लपवलं. तिला म्या काय शाबासकी दिली का?" कुसाबाई वैष्णवीकडे वळली. "रोज सांगशील? मी चिडले, मारायला उठले, तरी?"

"रोज सांगीन."

"मग मी इथंच ऱ्हाते."

"आणि ही अंगणवाडीत जाते तेव्हा?" सोमनाथनं विचारलं.

"जाईन हिच्यासंगं. बसंन पोरांत. त्यांना बी शी झाली का, शू झाली का, हे दुसऱ्यालाच विचारावं लागतं."

गोदा रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली.

सोमनाथ उठला, ओट्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. "एकदा डॉक्टरला दाखवायचं. मी सांगीन तेव्हा. त्यात नाही म्हणायचं नाही."

"नाय म्हणत."

"आणि शनिवार-रविवार मी इथं झोपायला येणार. वैष्णवीही माणूसच आहे. तिलाही कधी थकवा येईल." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "घर उघडंच राहू दे."

वैष्णवी आईजवळ खाली बसली.

"उसव," कुसाबाई म्हणाली.

वैष्णवीनं दुसऱ्या टाचेची सुई काढली आणि लोकर ओढली. टाके एकामागून एक सुटत गेले, वाकडी झालेली लोकर गोदाच्या ओंजळीत जमत गेली. पहिल्या टाचेच्या जरा खाली ती थांबली आणि मोकळे टाके एकेक करून सुयांवर परत चढवले. चार सुयांवर मोजा पुन्हा उभा राहिला.

"दादा, इकडे या," ती म्हणाली. "अंगठा आत घाला."

"मी?"

"शनिवार-रविवार तुम्ही असणार ना? घाला. आणखी खाली. खळगा लागतो?"

सोमनाथचा जाड अंगठा लोकरीत चाचपडला. "इथं?"

"ते पाऊल झालं. जरा वर."

"हां. लागला."

"ती टाच. हा लागला की टाच झाली. नाही लागला की व्हायचीये."

"ताई, तुम्हीही," ती म्हणाली. गोदानं हात घातला. इतक्या वर्षांत तिनं टाच अशी आतून कधी बघितली नव्हती. आली की नवऱ्याच्या कपाटात ठेवून दिली होती.

कुसाबाईनं मोजा परत घेतला. सुया गोल फिरायला लागल्या. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला. गोठ्यात सहादू पाटलाची म्हैस हंबरली. गोदा सासूच्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागली, कारण आईनं ते पुन्हा विचारलं होतं, आणि तिनं पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं सांगितलं.

मध्येच सुया थांबल्या. कुसाबाईनं मोजा जरा लांब धरला, अर्ध्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"टाच झाली का गं?"

वैष्णवीनं मान वर केली. पण तिच्या आधी सोमनाथनं अंगठा आत घालून बघितलं. खळगा लागला, तसा तो म्हणाला, "झाली, आई."

"कुणी घातली?"

"तूच घातलीस."

कुसाबाईनं मोजा उजेडाकडे केला आणि टाच निरखून पाहिली, डावीकडून, उजवीकडून, अंगठ्यानं आतून दाबून.

"हात चांगला हाय," दुसऱ्या कुणाचं काम बघून म्हणावं तसं ती म्हणाली, आणि पुढची फेरी विणायला लागली.